फाइल वाचली, सेटिंगचं काय?

‘फॉरमॅट मारू का?’

कॉम्प्युटर रिपेअरिंगच्या दुकानात हा प्रश्न कधीच ऐकला नाही, असा तुमच्यापैकी कुणी सापडणं अवघड. मशीन हँग होतंय, निळी स्क्रीन येतेय, चालू व्हायला वीस मिनिटं लागताहेत. इलाज एकच, फॉरमॅट. आपणही घाईत असतो. ‘मारा’ म्हणतो आणि समोरच्या टपरीवर चहा प्यायला जातो.

माझा एक मित्र असाच चहा प्यायला गेला होता.

तो जिंतूर तालुक्यातला. घरात एक जुना डेस्कटॉप, कुठल्याशा ऑफिसातून निघालेला, सेकंडहॅन्ड, चार जीबी रॅमचा. त्याच्यावर हा टायपिंगची प्रॅक्टिस करायचा, भरतीचे फॉर्म भरायचा आणि आईच्या बचत गटाचा हिशेब, बैठकांची इतिवृत्तं लिहून ठेवायचा. सहा वर्षांचं काम. गटाला कर्जासाठी बँकेत कागद द्यायचे होते आणि नेमकं आदल्या दिवशी मशीन बसलं.

पोरगा हुशार. दुकानात गेल्या गेल्या म्हणाला, ‘भैया, आधी डाटा काढून घ्या.’ दुकानदारानं सगळ्या फाइल्स पेनड्राइव्हमध्ये काढून दिल्या. मग फॉरमॅट झाला. तास-दीड तासात मशीन नव्यासारखं पळायला लागलं. घरी येऊन त्यानं केबल जोडल्या, इतिवृत्ताची फाइल उघडली आणि बघतच राहिला. मराठीचं एक अक्षर नाही! इंग्रजी अक्षरं, कंस, उद्गारचिन्हं, सगळा नुसता काला. प्रिंटर जोडला तर मशीन त्याला ओळखच देईना. मराठी टाईप करायला गेला तर तेही उमटेना.

रात्री त्याचा फोन आला. ‘अरे, सगळ्या फाइल्स आहेत, पण वाचता एकबी येईना. आई विचारायलीय, कागद झाले का. काय सांगू तिला?’

डाटा वाचला होता. गेल्या होत्या त्या सेटिंग्ज. आणि ‘बॅकअप घ्या, बॅकअप घ्या’ असं सगळे कानीकपाळी ओरडत असताना हा फरक मात्र आपल्याला कुणी सांगत नाही.

नेमकं गेलं काय?

आपण कॉम्प्युटर वापरत जातो तसा तो आपल्या हाताला बसत जातो. मराठीसाठी कोणता कीबोर्ड, कोणते फॉन्ट, कोणता प्रिंटर, त्याचा ड्रायव्हर कोणता, हे सगळं एकेक करून आपण जमवलेलं असतं. या नोंदी विंडोज ‘रजिस्ट्री’ नावाच्या एका मोठ्या नोंदवहीत लिहून ठेवतं. फॉरमॅट म्हणजे ती वही कोरी. आणि लक्षात घ्या, ‘डेस्कटॉप’ आणि ‘डॉक्युमेंट्स’ हे फोल्डर सहसा सी ड्राइव्हमध्येच असतात. फक्त सी फॉरमॅट केला तरी तेही जातात.

मित्राची इतिवृत्तं कृतिदेव फॉन्टमध्ये होती. कृतिदेवसारखे जुने फॉन्ट एक युक्ती करतात. आत साठवलेलं अक्षर इंग्रजीचंच असतं, फॉन्ट त्याला फक्त मराठी चेहरा देतो. फॉन्ट काढला की चेहरा गेला, उरली इंग्रजी अक्षरं. युनिकोडमध्ये असं होत नाही. तिथं ‘क’ला स्वतःचा क्रमांक आहे, त्यामुळे देवनागरीचा कुठलाही युनिकोड फॉन्ट असला तरी ‘क’ हा ‘क’च दिसतो.

टायपिंगवाल्यांसाठी तर सेटिंग म्हणजे वेग. महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषदेच्या जीसीसी-टीबीसी परीक्षेसाठी आपल्याकडं कितीतरी जण घरच्या जुन्या पीसीवर बोटं झिजवतात. लिपिक-टंकलेखक व्हायचं तर मराठीत मिनिटाला ३० शब्दांचा वेग लागतो. रेमिंग्टनवर बसलेला हात इनस्क्रिप्ट लेआउटवर अडखळतो. परीक्षा चार दिवसांवर असताना लेआउट गेला तर काय होईल, तुम्हीच सांगा.

रिस्टोअर पॉइंट, म्हणजे मागे फिरायची वाट

प्रत्येक वेळी फॉरमॅटच मारावा लागतो असंही नाही. नवा ड्रायव्हर टाकला आणि मशीन बिघडलं, एखादं सॉफ्टवेअर घातलं आणि सगळं संथ झालं, अशा वेळी विंडोजमध्येच एक वाट आहे. सिस्टिम रिस्टोअर. २००० साली विंडोज एमईमध्ये ती पहिल्यांदा आली आणि विंडोज ७, १०, ११ या सगळ्यांत आहे. बऱ्याच मशीनवर ती बंद असते, एवढीच अडचण.

ती अशी चालू करा:

• सर्चमध्ये ‘रिस्टोअर’ असं इंग्रजीत टाईप करा. ‘क्रिएट अ रिस्टोअर पॉइंट’ दिसेल, ते उघडा.
• सी ड्राइव्ह निवडून ‘कॉन्फिगर’वर जा आणि ‘टर्न ऑन सिस्टिम प्रोटेक्शन’ करा. खालच्या पट्टीवर डिस्कची ५ ते १० टक्के जागा द्या.
• ‘क्रिएट’ दाबा आणि ओळखू येईल असं नाव द्या, उदाहरणार्थ ‘प्रिंटर चालू असताना’.

झालं. उद्या काही बिघडलं तर त्याच खिडकीत ‘सिस्टिम रिस्टोअर’ दाबायचं आणि तो पॉइंट निवडायचा. रजिस्ट्री, ड्रायव्हर, सिस्टिमच्या फाइल्स त्या दिवशी होत्या तशा होतात. त्यानंतर टाकलेली सॉफ्टवेअर निघून जातात, तुमच्या फोटो-डॉक्युमेंटला हात लागत नाही. विंडोज चालूच होत नसेल तर? विंडोज ७ असेल तर सुरुवातीलाच एफ ८ दाबून ‘रिपेअर युवर कॉम्प्युटर’ निवडा. विंडोज १० दोन-तीनदा नीट सुरू झालं नाही की स्वतःच दुरुस्तीची स्क्रीन दाखवतं. तिथं ‘ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स’मध्ये सिस्टिम रिस्टोअर सापडेल.

एक काळजी मात्र घ्या. रिस्टोअर अर्ध्यावर तुटला तर मशीन होतं त्यापेक्षा जास्त बिघडू शकतं. आपल्याकडं लाईट कधी जाईल याचा नेम नाही, त्यामुळे यूपीएस किंवा इन्व्हर्टरवरच करा.

आणि महत्त्वाचं म्हणजे, रिस्टोअर पॉइंट हा बॅकअप नव्हे. तो त्याच डिस्कवर राहतो. डिस्क गेली की तोही गेला, फॉरमॅट मारला की तोही गेला. जागा भरली की जुने पॉइंट आपोआप पुसले जातात. चुकून डिलीट झालेला बायोडाटाही तो परत आणत नाही.

एक पेनड्राइव्ह, एक वही

मग फॉरमॅटनंतरही टिकेल असं काय करायचं? हे सगळं मशीन चांगलं चालू असतानाच करायचं. तहान लागल्यावर विहीर खणण्यात काय होतं, हे मराठवाड्यातल्या माणसाला वेगळं सांगायला नको.

पेनड्राइव्हमध्ये हे ठेवा:

• सी ड्राइव्हच्या ‘विंडोज’ फोल्डरमधल्या ‘फॉन्ट्स’मधून तुम्ही वापरता ते मराठी फॉन्ट.
• प्रिंटर, स्कॅनर, वाय-फाय आणि बोटाचे ठसे घेणारं डिव्हाइस असेल तर त्याचंही सेटअप. जुन्या मॉडेलचे ड्रायव्हर नंतर कंपनीच्या साइटवर मिळतीलच असं नाही.
• ब्राउझरमधले बुकमार्क. ते एक्स्पोर्ट केले की एकच फाइल तयार होते.
• टायपिंगच्या सॉफ्टवेअरचं सेटअप आणि लायसन्स.

वहीत हे लिहा: विंडोज कोणतं आहे, ३२ बिट की ६४ बिट, मदरबोर्ड आणि प्रिंटरचे मॉडेल नंबर, मराठीसाठी कोणता लेआउट, कोणकोणती सॉफ्टवेअर टाकलेली आहेत. कॅबिनेटवर विंडोजच्या कीचा स्टिकर असेल तर त्याचा मोबाइलवर फोटो काढा, तो उन्हाळ्या-पावसाळ्यात पुसट होतो. बँकेचे, आधारचे पासवर्ड मात्र या वहीत लिहू नका. ही वही दुकानात न्यायची आहे.

बाहेरची हार्ड डिस्क असेल तर आणखी एक पायरी वर जाता येतं. कंट्रोल पॅनलमध्ये ‘बॅकअप अँड रिस्टोअर (विंडोज ७)’ आहे, विंडोज १०मध्येसुद्धा. तिथं ‘क्रिएट अ सिस्टिम इमेज’ केलं की विंडोज, सॉफ्टवेअर, सेटिंग्ज, फाइल्स अशा सगळ्या सी ड्राइव्हची जशीच्या तशी प्रत निघते. सोबत १६ जीबीचा तरी रिकामा पेनड्राइव्ह घेऊन ‘रिकव्हरी ड्राइव्ह’ बनवा. त्या पेनड्राइव्हमधलं आधीचं सगळं पुसलं जातं, हे आधीच बघून घ्या.

ती नाण्याएवढी बॅटरी

जुन्या मशीनचं आणखी एक दुखणं. चालू केलं की तारीख दहा-पंधरा वर्षं मागं जाते आणि मग साइट उघडेनात, ‘कनेक्शन सुरक्षित नाही’ असा इशारा येतो. आपण नेटला शिव्या घालतो. खरं तर साइटच्या सुरक्षा प्रमाणपत्राला मुदत असते, आणि तुमच्या मशीनच्या घड्याळाप्रमाणे ती मुदत अजून सुरूच झालेली नसते!

दोष असतो मदरबोर्डवरच्या गोल सेलचा. सीआर २०३२ असं त्यावर लिहिलेलं असतं. तो स्वस्त असतो आणि घड्याळाच्या दुकानातही मिळतो. पण तो संपला की तारखेबरोबर बायोसच्या सेटिंग्जही जातात. त्यातली एक फार नाजूक आहे, हार्ड डिस्कचा साटा मोड, म्हणजे आयडीई की एएचसीआय. तो बदलला तर चांगलं चाललेलं विंडोजही निळी स्क्रीन दाखवतं आणि पुन्हा तोच प्रश्न येतो, ‘फॉरमॅट मारू का?’ म्हणून मशीन सुरू होताना डिलीट किंवा एफ २ दाबून बायोसमध्ये जा, काही न बदलता प्रत्येक पानाचा फोटो काढा आणि बाहेर या. सेल बदलायच्या वेळी प्लग काढायला विसरू नका.

विंडोज १० वाल्यांनो, इकडं लक्ष द्या

१४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज १०चा नेहमीचा सपोर्ट संपला. आपल्याकडच्या बऱ्याच जुन्या मशीन विंडोज ११च्या अटीत बसत नाहीत, कारण त्याला टीपीएम २.० आणि नव्या पिढीचा प्रोसेसर लागतो. अशा घरगुती मशीनना १३ ऑक्टोबर २०२६पर्यंत सुरक्षा अपडेट देणारी योजना मायक्रोसॉफ्टनं काढली. पैसे न भरता त्यात जायचा एक मार्ग म्हणजे मायक्रोसॉफ्ट अकाउंटवर लॉगिन करून ‘विंडोज बॅकअप’मधून आपल्या सेटिंग्ज सिंक करणं. म्हणजे सेटिंगचा बॅकअप घेतल्याचं बक्षीसच! मात्र यात तुमचे प्रोग्राम जसेच्या तसे साठवले जात नाहीत आणि वनड्राइव्हवर फुकटची जागा ५ जीबीच असते. त्यामुळे पेनड्राइव्ह आणि वहीला सुट्टी नाही.

जगात जर्मनी, भारतात परभणी

‘आपली साधी मशीन, तिचं काय एवढं?’ असं वाटत असेल तर १९ जुलै २०२४ आठवा. क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीनं पाठवलेल्या एका सदोष अपडेटनं जगभरातले सुमारे ८५ लाख विंडोज कॉम्प्युटर बंद पाडले. आपल्याकडं विमानतळांवर हातानं लिहिलेले बोर्डिंग पास देण्याची वेळ आली. बर्लिनच्या विमानतळावर उड्डाणं काही तास थांबली. आणि उपाय काय होता? मशीन सेफ मोडमध्ये सुरू करायची आणि ती एक फाइल काढून टाकायची. कितीतरी ठिकाणी माणसांना एकेका मशीनपुढं बसून हे करावं लागलं. जर्मनी असो की परभणी, मागे फिरायची वाट ज्याला माहीत आहे तोच लवकर सुटतो.

आणि हो, बॅकअप घेतला म्हणजे काम संपलं असं समजू नका. शितावरून भाताची परीक्षा करा. पेनड्राइव्ह शेजारच्याच्या कॉम्प्युटरला लावा, एक मराठी फाइल उघडा, वाचता येते का बघा. येत नसेल तर तो बॅकअप नाही. जुन्या फॉन्टमधल्या कामाच्या फाइल्स सवडीनं युनिकोडमध्ये बदलून घ्या. आणि एक प्रत घराबाहेर असू द्या, सेलूला मावशीकडं म्हणा किंवा पूर्णेला मामाकडं.

मित्राचं पुढं काय झालं? सकाळी तो आपल्या जुन्या टायपिंग क्लासमध्ये गेला. सरांनी तिथल्या मशीनवरचा तोच फॉन्ट पेनड्राइव्हवर दिला. घरी येऊन फॉन्ट टाकला आणि स्क्रीनवरचा काला एका क्षणात मराठी झाला. गटातल्या बायकांची नावं, त्यांचे हप्ते, सगळं जागच्या जागी. प्रिंट बाहेरून काढल्या, दुपारी कागद बँकेत पोचले. नशीब, की क्लासमधली ती मशीन कुणी फॉरमॅट मारली नव्हती!

आता त्याच्या टेबलाच्या खणात एक वही आणि एक पेनड्राइव्ह असतो. तुमच्या खणात काय आहे? येत्या रविवारी एक तास काढा. पुढच्या वेळी दुकानात तो प्रश्न आला की सरळ सांगा, ‘थांबा भैया, आधी वही बघू.’