एफ वाजत नाही? थांबा, गिटार विकू नका!

गिटार घेतली. सी आला, जी आला, ई मायनर तर पहिल्याच दिवशी जमला. मग एफ मेजर आला आणि गाडी अडली. तर्जनी सहाही तारांवर आडवी, वर बाकीची तीन बोटं आणि आवाज काय, तर ठक् ठक्! वर्धा असो की हिंगणघाट, आर्वी असो की पुलगाव, ‘हे आपल्याच्यानं होत नाही बापा’ म्हणत गिटार कपाटावर जाते ती इथंच.

तुमचीही तिथंच आहे? मग आधी एक हिशेब समजून घ्या. ताकदीपेक्षा तो जास्त कामाचा आहे.

मेजर कॉर्ड म्हणजे आपले सा, ग, प. एफला सा माना. तर्जनी पहिल्या फ्रेटवर आडवी. तिसऱ्या फ्रेटला पाचव्या तारेवर अनामिका, चौथ्या तारेवर करंगळी. दुसऱ्या फ्रेटला तिसऱ्या तारेवर मधलं बोट. आता जाड तारेपासून एकेक तार छेडा: सा, प, सा, ग, प, सा. मधल्या तीन तारा बाकीच्या बोटांनी सांभाळल्या. मग तर्जनीला उरल्या किती? तीनच. सहावी, दुसरी आणि पहिली. आपण मात्र सहाही तारांवर सारखा जोर लावतो, म्हणून हात भरून येतो.

तर्जनी किंचित कलती करा, अंगठ्याकडची हाडाची कड तारांवर येऊ द्या. बोट फ्रेटच्या पट्टीला अगदी खेटून हवं. पेराच्या खाचेत तार अडकत असेल तर बोट जरासं वर-खाली सरकवा. अंगठा मानेच्या मागे, मधोमध. नुसती चिमूट काढू नका, अख्ख्या हाताच्या वजनानं मागे ओढा.

आणि सुरुवात पहिल्या फ्रेटवर करूच नका. तिथं तार सगळ्यात ताठ लागते. पाचव्या फ्रेटवर हाच आकार धरा, तो ए मेजर होतो. तिथं सगळ्या तारा स्वच्छ बोलल्या की एकेक फ्रेट खाली या. रोज पाच-दहा मिनिटं पुरे. बोटांची कातडी दुखणारच, पण मनगट दुखलं किंवा बोटं बधिर झाली तर लगेच थांबा.

कधी दोष तुमचा नसतोच. तारा मानेपासून फार उंच असतील तर मुरलेल्या वादकालाही घाम फुटतो. त्यात आपली हवा! उन्हाळ्यात पारा पंचेचाळीसच्या पुढं, लाकूड सुकून आकसतं, फ्रेटची टोकं हाताला टोचतात. पावसाळ्यात तेच लाकूड फुगतं आणि तारा वर उचलल्या जातात. गिटार पत्र्याखाली किंवा कूलरसमोर ठेवू नका, आणि एकदा जाणकाराकडून तारांची उंची तपासून घ्या.

एवढी खटपट कशाला, कॅपो आहे ना? आहे, खुशाल वापरा. पण बार कॉर्ड म्हणजे हातातच असलेला कॅपो, गाणं चालू असताना सरकणारा. तुकडोजी महाराजांच्या खंजिरी भजनाचा हा मुलूख. इथला गाणारा ‘जी मेजर’ सांगत नाही, ‘काळी चार’ सांगतो. काळी चार म्हणजे जी शार्प, तुमचा हात चौथ्या फ्रेटवर. काळी तीन? दुसरा फ्रेट. काळी पाच? सहावा. पांढरी चार म्हणजे तर आपला एफच! आकार एकच, फक्त जागा बदलायची.

म्हणजे पेटीवाल्या काकांच्या शेजारी बसायची तुमची सोय झाली. आज संध्याकाळी गिटार खाली काढा, धूळ पुसा, सूर लावा आणि थेट पाचवा फ्रेट गाठा.