खलाशी पोशाख : एका वस्त्रचिन्हाचे अर्थांतर

विसाव्या शतकाच्या प्रारंभीच्या इंग्लंडमधील कौटुंबिक छायाचित्रांत खलाशी पोशाखातील मुले वारंवार आढळतात. पाठीवर चौकोनी उतरणारी रुंद निळी कॉलर, तिच्या कडेने पांढऱ्या फितींच्या रेषा, पुढे गाठ मारलेला काळा रेशमी रुमाल आणि क्वचित टोपीच्या फितीवर एखाद्या युद्धनौकेचे नाव, ही त्याची प्रमुख अंगे होत. हिवाळ्यात हा पोशाख गडद निळ्या सर्जचा, उन्हाळ्यात पांढऱ्या सुती कापडाचा असे. मुलगे त्याखाली विजार घालीत, मुली चुण्यांचा झगा. कॉलर दोघांनाही समान. आरमारी गणवेशाची ही बालसुलभ नक्कल होय, असे सामान्यतः समजले जाते. परंतु एवढे स्पष्टीकरण पुरेसे नाही.

प्रथम कालक्रम पाहावा. १८४६ साली व्हिक्टोरिया राणीचा ज्येष्ठ पुत्र आल्बर्ट एडवर्ड याने राजनौकेवर हा वेष परिधान केला. तेव्हा त्याला पाच वर्षेही पूर्ण झाली नव्हती. त्याच वर्षी विंटरहाल्टर या चित्रकाराने त्याचे त्या वेषातील चित्र रंगविले. ब्रिटिश आरमारातील अधिकाऱ्यांना गणवेश १७४८ पासून होता. सामान्य खलाशांचा गणवेश मात्र १८५७ साली निश्चित झाला. राजपुत्रासाठी निवड झाली ती अधिकाऱ्याच्या नव्हे, तर खलाशाच्या पेहरावाची. आणि तीही त्या पेहरावास अधिकृत रूप लाभण्यापूर्वी. श्रमिकाचे वस्त्र अशा रीतीने प्रतिष्ठित झाले. शब्दांच्या बाबतीत ज्यास अर्थोत्कर्ष म्हणतात, त्याचेच हे वस्त्रगत उदाहरण होय. पुढे पाचव्या जॉर्जची मुलेही याच वेषात वाढली, आणि मध्यमवर्गीय घरांतही तो रूढ झाला.

शब्दांप्रमाणे वस्त्रांचीही लोकव्युत्पत्ती असते. कॉलरवरील तीन रेषा नेल्सनच्या तीन विजयांच्या स्मारक आहेत आणि काळा रुमाल त्याच्या मृत्यूच्या शोकाचा आहे, ही समजूत निराधार आहे. तथापि आरमाराविषयीचा लोकांचा अभिमान तीत व्यक्त होतो, हे नाकारता येत नाही.

या चिन्हाची दुसरी बाजू १९१६ साली प्रकर्षाने दिसली. ३१ मे रोजी जटलंडच्या लढाईत ‘चेस्टर’ या युद्धनौकेवरील जॅक कॉर्नवेल हा कामकरी कुटुंबातील मुलगा प्राणांतिक जखमी झाला. तोफेजवळची जागा त्याने सोडली नाही. २ जून रोजी तो मरण पावला. त्याचे वय १६ वर्षांचे होते. त्याला मरणोत्तर ‘व्हिक्टोरिया क्रॉस’ देण्यात आला. समुद्रकिनारी वाळूत खेळणाऱ्या मुलाच्या अंगावर ज्या धर्तीची कॉलर होती, त्याच धर्तीची कॉलर कॉर्नवेलच्याही गणवेशाला होती. एकाच्या बाबतीत तिचा अर्थ सुरक्षित बाल्य, दुसऱ्याच्या बाबतीत बाल्याचा अकाली शेवट.

म्हणून अशा छायाचित्रावरून त्या कुटुंबाच्या साम्राज्यनिष्ठेविषयी थेट अनुमान काढणे धोक्याचे आहे. वेष कोणाच्या अंगावर, कोणत्या प्रसंगी व कोणत्या वर्षी होता, हे प्रथम निश्चित केले पाहिजे. त्यानंतरच त्याच्या अर्थाचा विचार संभवतो.