अन्नार्थ पशुवध
अन्नासाठी प्राणी पाळणे व मारणे यांच्या नैतिक योग्यायोग्यतेचा विचार. जैन धर्माने अहिंसातत्त्वास अनुसरून मांसाहार निषिद्ध मानला. ज्यू व इस्लाम धर्मांनी विहित पद्धतीने केलेला वध मान्य केला. जेरेमी बेंथॅम (१७४८–१८३२) यांच्या मते प्राण्यास विचारशक्ती आहे की नाही, यापेक्षा त्यास वेदना होतात की नाही, हा प्रश्न निर्णायक होय. तथापि मांसाहार त्यांनी त्याज्य ठरविला नाही. टॉम रीगन यांनी मात्र १९८३ मध्ये वेदनारहित वधही अन्याय्यच, असे प्रतिपादन केले.

बंदिस्त पशुपालनामुळे वधाइतकाच संगोपनाचा प्रश्नही महत्त्वाचा ठरला. प्राण्यास वळता, अंग स्वच्छ करता, उठता, बसता व अवयव पसरता यावेत, अशी किमान अपेक्षा ब्रिटनमधील ब्रॅम्बेल समितीने १९६५ मध्ये मांडली. अंडी देणाऱ्या कोंबड्यांचे साधे, अरुंद पिंजरे यूरोपीय संघात २०१२ पासून निषिद्ध आहेत. भारतातील १९६० च्या प्राणिक्लेश प्रतिबंधक अधिनियमानुसार अन्नार्थ वध अनावश्यक क्लेश दिल्यासच अपराध ठरतो. गोवंशहत्याबंदीसारखे अपवाद सोडल्यास कायदा क्लेशांचेच नियमन करतो. जीव घ्यावा की नाही, हा मूळ प्रश्न व्यक्तीच्या विवेकावर राहतो.