दहावीनंतर गुण पाहण्याआधी कागद पाहा

एसएसएलसीचा निकाल लागला की पुढचे आठ दिवस आम्हा समितीतल्या मंडळींचे फोन वाजत राहतात. प्रश्न बहुधा एकच असतो, "सायन्सला घालू की कॉमर्सला?" विचारणारे आई किंवा वडील असतात, कधी काका असतात. ज्याला शिकायचे आहे तो मुलगा शेजारी मान खाली घालून बसलेला असतो.

आम्ही म्हणजे मंडळाचे काही निवृत्त सभासद. कुणी बँकेत होते, कुणी शाळेत, कुणी उद्यमबागच्या कारखान्यात. बेळगाव शहर आणि आसपासच्या गावांतली दहावी-बारावीची मुले व त्यांचे पालक आमच्याकडे येतात आणि आम्हाला जेवढे ठाऊक आहे तेवढे सांगतो. या कामात एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसली. गुण कमी पडले म्हणून जेवढी मुले अडतात, त्याहून जास्त मुले वेळेवर कागद नव्हता किंवा नियम माहीत नव्हता म्हणून अडतात. म्हणून हा लेख.

सुरुवात आमच्या चुकीपासून करतो. मराठी माध्यमातून पंच्याऐंशी टक्के मिळवलेल्या एका मुलीला आम्ही एकमताने सायन्स घ्यायला सांगितले. एवढे गुण आहेत तर दुसरे काय घ्यायचे, असे आम्हाला वाटले. पीयूसीचे वर्ग इंग्रजीत सुरू झाले. पृथक्करण, घनता, त्वरण हे सारे तिला येत होते, पण त्यांची इंग्रजी नावे माहीत नव्हती. दोन महिन्यांत तिने कॉलेज सोडले. तिला काय आवडते आणि इंग्रजीची तयारी किती आहे, हे दोन प्रश्न आम्ही तिला विचारलेच नव्हते. आता प्रत्येक मुलाला आधी हेच दोन प्रश्न विचारतो. सायन्स घ्यायचेच असेल तर दहावीची परीक्षा आणि पीयूसीचा पहिला दिवस यांमधल्या सुट्टीत गणित व विज्ञानातल्या संज्ञांची मराठी-इंग्रजी वही करून घ्या. रोज वीस शब्द केले तरी दोन महिन्यांत हजारावर शब्द होतात.

दहावीनंतरचे रस्ते

पहिला रस्ता पीयूसीचा. दोन वर्षांनंतर अभियांत्रिकीसाठी केसीईटी, वैद्यकीयसाठी नीट, आणि कला-वाणिज्य शाखांसाठी पदवी. अभियांत्रिकीचा क्रमांक लावताना केसीईटीच्या गुणांबरोबर दुसऱ्या पीयूसीचे गुणही धरले जातात. त्यामुळे फक्त क्लासच्या भरवशावर राहून कॉलेजकडे पाठ फिरवणे महागात पडते.

दुसरा रस्ता पॉलिटेक्निकचा. दहावीनंतर तीन वर्षांचा डिप्लोमा होतो. तो झाला की डीसीईटी देऊन अभियांत्रिकी पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाता येते. हिशेब मांडून पाहा. पीयूसीची दोन आणि पदवीची चार मिळून सहा वर्षे. डिप्लोमाची तीन आणि पदवीची तीन मिळूनही सहाच. फरक इतकाच की दुसऱ्या मुलाच्या हाती तिसऱ्या वर्षाअखेर डिप्लोमा असतो. घरची अडचण आली तर तो तिथे थांबून नोकरी धरू शकतो.

तिसरा रस्ता आयटीआयचा. फिटर, इलेक्ट्रिशियन हे ट्रेड दोन वर्षांचे, वेल्डर एक वर्षाचा. आयटीआय म्हणजे शिक्षणाचा शेवट अशी समजूत आपल्या घरांत अजून आहे. ती चुकीची आहे. दोन वर्षांचा आयटीआय केलेल्या मुलाला डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षात प्रवेश मिळू शकतो आणि तिथून पुढे डीसीईटीने पदवीकडेही जाता येते. वाट लांबची आहे, पण बंद नाही. आपल्या बेळगावात जीटीटीसी, म्हणजे सरकारी टूल रूम व प्रशिक्षण केंद्रही आहे. तिथे दहावीनंतर टूल अँड डाय मेकिंगचा डिप्लोमा करता येतो. फौंड्री, मशीनिंग आणि हायड्रॉलिक्सच्या या गावात त्या हाताला काम मिळते, हे उद्यमबाग, मच्छे किंवा होनग्यात काम करणारा कुणीही सांगेल.

आणि दहावीत एखादा विषय राहिला तर? कर्नाटकात एसएसएलसीच्या वर्षात एकाहून अधिक परीक्षा होतात. निकालादिवशी घरात रडारड करण्यापेक्षा दुसऱ्या परीक्षेच्या अर्जाची तारीख पाहावी. वर्ष वाया जातेच असे नाही.

अप्रेंटिस म्हणजे नेमके काय

हा शब्द सगळ्यांना माहीत आहे, नियम थोड्यांना. अप्रेंटिसशिप १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याखाली चालते. तीस किंवा अधिक माणसे कामावर असलेल्या आस्थापनेला अडीच ते पंधरा टक्के शिकाऊ उमेदवार घेणे बंधनकारक आहे. विद्यावेतनाची किमान रक्कम ठरलेली असते. २०१९ च्या नियमांनी ती शिक्षणाप्रमाणे महिना पाच हजारांपासून नऊ हजारांपर्यंत केली. त्या नियमांत दहावी पास मुलाला सहा हजार, आयटीआयला सात, डिप्लोमाला आठ आणि पदवीधराला नऊ होते. ही किमान रक्कम झाली, कारखाना जास्त देऊ शकतो.

यात दोन गोष्टी नीट समजून घ्याव्यात. शिकाऊ उमेदवार हा कायद्याने कामगार नाही, प्रशिक्षणार्थी आहे, आणि मुदत संपल्यावर त्याला कायम करण्याचे बंधन मालकावर नसते. ही नोकरी नसून हाताला वळण लावणारी शाळा आहे असे समजून मुलाला पाठवावे. दुसरे म्हणजे, "ये उद्यापासून" असे तोंडी सांगून कामावर घेतले तर ती अप्रेंटिसशिप नव्हे. सरकारी पोर्टलवर नोंदलेला करार आहे का, विद्यावेतन बँक खात्यात जमा होते का आणि शेवटी प्रमाणपत्र मिळणार का, हे तीन प्रश्न पहिल्याच दिवशी विचारा. उत्तर टाळले गेले तर मुलगा स्वस्तातला मजूर म्हणून घेतला जातोय असे समजा. एका मुलाने असे दीड वर्ष काढले. काम उत्तम शिकला, पण कागद हातात नाही म्हणून दुसरीकडे त्याला नवखाच धरले गेले.

आयटीआय झालेल्यांनी रेल्वेकडेही लक्ष ठेवावे. नैऋत्य रेल्वेचे मुख्यालय आपल्या जवळच, हुबळीला आहे. तिथल्या अप्रेंटिसची निवड दहावी व आयटीआयच्या गुणांवर होते, वेगळी लेखी परीक्षा नसते. रेल्वेत अप्रेंटिसशिप पूर्ण केलेल्यांसाठी पुढे लेव्हल एकच्या भरतीत वीस टक्के जागा राखीव असतात.

कागद आणि नियम

आता मुख्य मुद्दा. हे विषय आठवीपासूनच डोक्यात ठेवावे लागतात.

ग्रामीण कोटा. केसीईटीतल्या ग्रामीण आरक्षणासाठी पहिली ते दहावी ही सगळी वर्षे ग्रामीण भागातल्या शाळेत झालेली असावी लागतात. येळ्ळूर, कडोली, उचगावकडचे कितीतरी पालक "शहरातली शाळा बरी" म्हणून आठवीला मुलाला बेळगावात आणतात. शाळा बरी असेलही, पण त्या एका निर्णयाने ग्रामीण कोट्याचा हक्क जातो. बदल करायचा तर हे जाणून करावा.

कर्नाटकातल्या शिक्षणाची वर्षे. सरकारी कोट्यातल्या जागेसाठी साधारणपणे कर्नाटकात किमान सात वर्षे शिक्षण झालेले असावे लागते. बारावीसाठी मुलाला कोल्हापूर किंवा पुण्याला पाठवण्याआधी त्या वर्षीच्या माहितीपुस्तिकेतले पात्रतेचे कलम वाचा. नाहीतर मुलगा इकडचाही राहत नाही आणि तिकडचाही होत नाही.

सीमाभागाचा प्रवर्ग. महाराष्ट्रातल्या अभियांत्रिकीसारख्या प्रवेशांत महाराष्ट्र-कर्नाटक विवादित सीमाभागातल्या, मराठी मातृभाषा असलेल्या विद्यार्थ्यांसाठी स्वतंत्र प्रवर्ग आहे. त्यासाठी सीमाभागातल्या संस्थेतून परीक्षा उत्तीर्ण झाल्याचा आणि मातृभाषा मराठी असल्याचा दाखला ठरलेल्या नमुन्यात लागतो. हा नमुना प्रवेशाच्या माहितीपुस्तिकेत छापलेला असतो. आमच्याकडे आलेल्या एका मुलीला गुण पुरेसे होते. पण मातृभाषेचा दाखला घ्यायला ती फेरीच्या आदल्या दिवशी धावली, कार्यालय बंद होते, आणि जागा गेली. एका कागदासाठी. हा दाखला बारावीच्या परीक्षेआधी तयार ठेवावा.

जात व उत्पन्नाचे दाखले. कर्नाटकात मराठा समाज ३ब प्रवर्गात येतो. त्याचा दाखला नाडकचेरीतून मिळतो. केंद्र सरकारच्या संस्थांना लागणारे दाखले वेगळ्या नमुन्यात असतात, राज्याचा दाखला तिथे चालत नाही. दोन्हींचे नियम वेगवेगळे वाचावेत.

नाव आणि जन्मतारीख. आधार, शाळेचा दाखला आणि गुणपत्रक या तिन्हींवर नाव अक्षरशः एकच हवे. आमच्याकडे कानडी, मराठी आणि इंग्रजी अशा तीन लिप्यांतून नाव फिरते, त्यामुळे एखादा 'ळ' किंवा 'व' बदलतोच. दुरुस्ती दहावीच्या परीक्षेचा फॉर्म भरण्याआधी करा. नंतर तीच दुरुस्ती महिनेच्या महिने घेते.

नीट आणि जेईई मेन मराठीतूनही देता येतात. मात्र मराठी प्रश्नपत्रिका महाराष्ट्रातल्या केंद्रांवरच मिळते. मराठीतून पेपर हवा असेल तर केंद्र निवडताना कोल्हापूरसारखे शहर निवडावे लागेल.

पैशाची बाजू

"एवढी फी कुठून आणायची?" या प्रश्नाने पुष्कळ मुलांचा निर्णय प्रवेशाआधीच होऊन जातो. आमच्यातल्या बँकवाल्यांचे यावर एकच सांगणे आहे: शेत विकायच्या किंवा सोने मोडायच्या आधी बँकेत या.

शैक्षणिक कर्जाला चार लाखांपर्यंत सहसा स्वतःचा वाटा भरावा लागत नाही, आणि साडेसात लाखांपर्यंत तारण मागितले जात नाही. आई किंवा वडील सहकर्जदार असतात. हप्ते अभ्यासक्रम संपून साधारण एका वर्षाने सुरू होतात. पण तोवर व्याज चढतच असते, हे विसरू नका. जमेल तेवढे व्याज शिकतानाच भरत राहिले तर पुढचा बोजा हलका होतो. नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर झालेल्या पीएम-विद्यालक्ष्मी योजनेत निवडक दर्जेदार संस्थांतल्या विद्यार्थ्यांना तारणाशिवाय कर्ज मिळते. वार्षिक कौटुंबिक उत्पन्न आठ लाखांपर्यंत असेल तर शिक्षण चालू असताना दहा लाखांपर्यंतच्या कर्जावर तीन टक्के व्याजसवलत असते. आपली संस्था यादीत आहे का, ते प्रवेशाआधी पाहावे. कर्ज फेडताना भरलेल्या व्याजावर जुन्या करपद्धतीत आठ वर्षे वजावट मिळते.

आणि एक सावधगिरी. डोनेशनच्या जागेसाठी रोख पैसे मागणाऱ्या मध्यस्थाला दारात उभे करू नका. ज्या पैशाची पावती मिळत नाही, त्याला बँक कर्ज देत नाही. हीच खूण लक्षात ठेवा.

मुलाशी बोलताना

शेवटी एक विनंती. आमच्याकडे येताना मुलाला बरोबर आणा आणि त्याला बोलू द्या. मोटर दुरुस्त करायला आवडते, असे सांगताना मुलगा बापाकडे चोरून बघतो. कारण घरात तो मेकॅनिक व्हायचा नाही, असे आधीच ठरलेले असते. सुट्टीत त्याला दोन दिवस एखाद्या ओळखीच्या कारखान्यात, दवाखान्यात किंवा सीएच्या कार्यालयात नुसते बसू द्या. आमच्या तासाभराच्या बोलण्यापेक्षा ते दोन दिवस त्याला जास्त सांगतील.

आणि कानडीचा कंटाळा करू देऊ नका. राज्य सरकारच्या नोकरीत कानडीची परीक्षा द्यावी लागते, आणि कारखान्यातला फोरमन बहुधा कानडीतच बोलतो. मराठी आपल्या घरात आहे, ती कानडी शिकल्याने कमी होत नाही.

आमच्याकडे येताना दोन वर्षांची गुणपत्रके, आधार आणि शाळेचा दाखला एवढे घेऊन या. निकालाची वाट पाहू नका. आठवी-नववीत आलात तर उत्तम, कारण तेव्हा दुरुस्तीला वेळ असतो. जी मुलगी मातृभाषेच्या दाखल्यासाठी एक दिवस उशिरा पोहोचली, तिला आम्ही वेळेत भेटलो असतो तर काही बिघडले नसते. तसे दुसऱ्या कुणाचे होऊ नये, एवढ्यासाठीच आम्ही बसतो.