चार घास आणि साठ हजार कोटी मासे

लिमात वर्षभरात जेवढा पाऊस पडतो, तेवढा मुंबईत जुलैतली एखादी बरी सर पाडून मोकळी होते. दहा-पंधरा मिलिमीटर, आणि तोही बराचसा भुरभुर धुक्याचा. पेरूतली जवळजवळ एक तृतीयांश माणसं, म्हणजे एक कोटीच्या आसपास, या वाळवंटावर राहतात. वाळवंटी महानगरांत कैरोच्या खालोखाल लिमाचंच नाव घेतात. जिथे आपसूक गवताची काडी उगवत नाही, तिथे जगभरचे खवय्ये हल्ली मुद्दाम विमानाची तिकिटं काढून जेवायला जातात.

खाद्यसफरींचा तिथे आता मोठाच धंदा झालाय. सकाळी गाइड आठ-दहा जणांची टोळी गोळा करतो. सुर्कियोचा बाजार, मिराफ्लोरेसमधली खानावळ, बारान्कोतला बार अशा गल्ल्यांतून दुपारपर्यंत खाणं आणि चालणं चालू असतं. गाइड पदार्थांची नावं सांगतो, थोडा इतिहास सांगतो, फोटो काढून देतो. आकडे मात्र बहुतेकदा राहून जातात, आणि माझ्या मते खरी गंमत तिथेच आहे. या शहरातल्या कुठल्याही घासामागे कोटींचा हिशेब असतो.

सुरुवात बटाट्यापासून करू, कारण बाजारात शिरल्या शिरल्या तोच दिसतो. पिवळा, जांभळा, गुलाबी, काळपट, गाठीगाठींचा, बोटभर लांब. अँडीज पर्वतात बटाट्याचे चार हजारांहून जास्त देशी वाण आहेत आणि त्यातले बहुसंख्य पेरूत. रोज एक नवा वाण उकडून खायचा ठरवला, तर पहिल्याची पुन्हा पाळी यायला अकरा वर्षं लागतील. टिटिकाका सरोवराच्या परिसरात, ३,८०० मीटर उंचीवर, सात-आठ हजार वर्षांपूर्वी माणसाने हे पीक माणसाळवलं. लिमातल्याच ला मोलिना भागात १९७१ साली आंतरराष्ट्रीय बटाटा केंद्र स्थापन झालं. तिथे हजारो वाणांची इवली रोपं काचेच्या नळ्यांत, थंड खोल्यांत जपून ठेवली आहेत.

आज जग वर्षाला सदतीस-अडतीस कोटी टन बटाटा पिकवतं. पहिला चीन, दुसरा भारत. माहेर असलेल्या पेरूत वर्षाला पन्नास-साठ लाख टन निघतो, आपल्याकडे त्याच्या साधारण दहापट. ज्याच्यावर आपली आषाढी एकादशी निभते, ते पीक सोळाव्या शतकापर्यंत समुद्र ओलांडून आलंच नव्हतं, हे उपवास करणाऱ्यांनी मनाला लावून घेऊ नये.

बाजारातल्या एखाद्या गाळ्यावर पोत्यात काळपट, वजनाला हलके, खडखडीत गोळे दिसले तर थांबा. तो चुन्यो. जून-जुलैत, तिकडच्या ऐन थंडीत, उंच पठारावर बटाटे रात्री उघड्यावर पसरतात. पारा शून्याखाली चार-पाच अंश गेला की ते गोठतात. दुपारच्या उन्हात सैल पडले की बाया-माणसं अनवाणी पायांनी ते तुडवतात. पाणी निघतं, साल सुटते. पुन्हा रात्र, पुन्हा ऊन, असं काही दिवस. पाच किलो बटाट्याचा एक किलो चुन्यो होतो आणि तो कित्येक वर्षं टिकतो. वीज नाही, यंत्र नाही. इंका राजांची कोठारं याने भरलेली असत, आणि दुष्काळात सैन्य आणि रयत त्यावर निभावत. चवीला मला विचाराल तर फार कौतुक करण्यासारखा नाही. पण चवीसाठी तो केलेलाच नव्हता.

यानंतर सेविचे. या पदार्थाला राष्ट्रीय दिवस आहे, २८ जून. २०२३ मध्ये युनेस्कोने सेविचे करण्याच्या आणि खाण्याच्या परंपरेला अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं. करायला मात्र चहाएवढाच वेळ लागतो. ताज्या माशाचे पेराएवढे तुकडे, आधी मीठ, मग वरून ताजं पिळलेलं लिंबू, तिखट मिरची, उभा पातळ चिरलेला लाल कांदा, थोडी कोथिंबीर. काही मिनिटांत तुकड्यांच्या कडा पांढऱ्या पडतात, आतला भाग मऊ राहतो. बाजूला रताळ्याची फोड आणि उकडलेल्या मक्याचे टपोरे दाणे. पूर्वी मासा तासन्‌तास लिंबात मुरवत. ही मिनिटांवरची घाई जपानी स्वयंपाक्यांच्या सहवासातून आली. सेविचेच्या जुन्या वळणाच्या खानावळी दुपारी उरकतात, सकाळचा मासा संध्याकाळी द्यायचा नाही म्हणून. आणि ते लिंबू? आपलं कागदी लिंबूच, आशियातलं. स्पॅनिश लोकांच्या जहाजांतून तिकडे गेलं.

आता त्या समुद्राकडे वळू. दक्षिणेकडून येणारा हंबोल्ट प्रवाह थंडगार. किनाऱ्यालगत खोलातलं पाणी सतत वर येतं आणि आपल्याबरोबर खनिजं आणतं. त्यावर सूक्ष्म वनस्पती माजतात आणि त्यांच्यावर आंचोवेता नावाचा वीतभरही नसलेला मासा पोसतो. आपल्या मांदेलीच्या कुळातला. याच थंड पाण्यामुळे हवेत ढग नुसतेच लोंबकळतात, पाऊस पडत नाही. म्हणजे जमिनीवरचं वाळवंट आणि पाण्यातली सुगी ही एकाच कारणाची दोन फळं.

सुगी केवढी? १९७० साली पेरूने एकट्या आंचोवेताचा एक कोटी वीस लाख टनांहून जास्त उपसा केला. एका माशाचं वजन वीस ग्रॅम धरलं, तर हे होतात साठ हजार कोटी मासे. एका देशाने, एका वर्षात, एका जातीचे. जगात कुठेही एकाच जातीच्या माशाची एवढी मासेमारी आजवर झालेली नाही. मग १९७२ मध्ये एल निन्यो आला, पाणी तापलं, आधीच ओरबाडलेला साठा कोसळला आणि १९७३ मध्ये हाती वीस लाख टनही लागले नाहीत. पुढे साठा सावरला, कोटा आला. तरी २०२३ मध्ये पहिला हंगाम सरकारला रद्दच करावा लागला.

हा मासा माणसांच्या आधी पक्ष्यांनी खाल्ला. किनाऱ्यालगतच्या खडकाळ बेटांवर पाणकावळ्यांची अफाट वस्ती. त्यांची विष्ठा हजारो वर्षं साचत गेली आणि धुवायला पाऊस नसल्याने तशीच राहिली. चिंचा बेटांवर तिचे थर काही ठिकाणी दीडशे फूट उंच होते. १८४० नंतरच्या चार दशकांत पेरूने हे ग्वानो खत एक कोटी टनांहून जास्त विकलं. युरोपातली शेतं त्यावर पोसली. याच पैशातून १८५४ मध्ये गुलामांच्या मालकांना भरपाई देऊन गुलामगिरी संपवली गेली. आज रस्त्यावर कोळशाच्या शेगडीवर भाजून मिळणारे आंतिकूचो, म्हणजे मसाला लावलेले बैलाच्या हृदयाचे तुकडे, रूढ केले ते त्या गुलामांनी. मालकांच्या ताटात न जाणारं मांस त्यांच्या वाट्याला यायचं.

गुलामगिरी मावळत होती, पण विष्ठा खणायला आणि ऊस तोडायला माणसं हवीच होती. १८४९ ते १८७४ या पंचवीस वर्षांत सुमारे एक लाख चिनी मजूर आठ-आठ वर्षांच्या करारावर आणले गेले. पॅसिफिक ओलांडतानाच हजारो गेले. बेटांवर अमोनियाच्या भपकाऱ्यात किती खपले त्याची मोजदाद गाइडच्या वाट्याला यायची नाही, आणि जेवताना कुणी विचारतही नाही. उरले त्यांनी करार संपवून लिमाच्या मध्यवर्ती बाजाराजवळ खानावळी टाकल्या. कापोन गल्लीचा चिनी मोहल्ला आजही गजबजलेला आहे. चिनी-पेरूवियन जेवणाच्या या खानावळींना चीफा म्हणतात आणि देशभर त्या हजारोंनी आहेत. लोमो साल्तादो हा पदार्थ त्यातूनच आला. मोठ्या आचेवर कढईत परतलेलं गोमांस, कांदा, टोमॅटो, सोया सॉस. त्यात तळलेला बटाटा आणि बाजूला भाताची मूद. अँडीज आणि कॅन्टन एका ताटात.

जपानी मागाहून आले. ३ एप्रिल १८९९ रोजी साकुरा मारू हे जहाज कायाओ बंदराला लागलं, त्यात ७९० माणसं होती. लाखाच्या हिशेबात हा आकडा किरकोळ. पण त्या वाटेने आलेल्या जपानी घराण्यांतल्या मित्सुहारू त्सुमुराचं माइदो हे उपाहारगृह २०२५ मध्ये जगातल्या ५० सर्वोत्तमांत पहिलं आलं. त्याआधी २०२३ मध्ये पहिला क्रमांक बारान्कोतल्या सेन्त्रालचा होता. तिथे प्रत्येक पदार्थ समुद्रसपाटीपासूनच्या उंचीनुसार वाढतात, समुद्राच्या तळापासून चार हजार मीटरच्या वरपर्यंत. एका शहराने तीन वर्षांत दोनदा पहिला नंबर मारला. बिल किती येतं ते विचारू नका. सुर्कियोच्या बाजारातलं सेविचे परवडेल.

आणि एवढा सगळा व्याप ज्याच्या जिवावर, तो आंचोवेता या सफरीत कुठे दिसतो? जवळजवळ कुठेच नाही. पकडलेल्यांपैकी ९५ टक्क्यांहून जास्त माशांचा भुकटा आणि तेल होतं. चार-पाच किलो माशांचा एक किलो भुकटा. तो जहाजांनी परदेशी जातो, चीन त्याचा सर्वात मोठा गिऱ्हाईक, आणि तिथल्या कोळंबीच्या, माशांच्या आणि डुकरांच्या पोटात पडतो. पूर्वी मात्र असं नव्हतं. लिमाच्या उत्तरेला पाच हजार वर्षांपूर्वीचं काराल हे शहर सापडलं आहे. समुद्रापासून वीसेक किलोमीटर आत राहणारी तिथली माणसं कापूस पिकवायची, जाळ्यांसाठी तो कोळ्यांना द्यायची आणि बदल्यात हाच मासा खायची. उत्खननात त्याचे काटे मिळाले आहेत.

लिमाला गेलात तर सेविचे खा, चुन्यो चाखून बघा. पण गाइडला एकदा आंचोवेताची थाळी कुठे मिळेल ते विचारा. गिऱ्हाइकांनी मागितल्याशिवाय ती पाटीवर येणार नाही.