थकलेल्या घरपट्टीने लाभलेले नाट्यगृह

न्यूयॉर्कच्या मॅनहॅटन भागातील पंचावन्नाव्या रस्त्यावर टाइल्सनी मढवलेला भलामोठा घुमट आणि अरबी धाटणीचे नक्षीकाम मिरवणारी जी इमारत आज ‘न्यूयॉर्क सिटी सेंटर’ म्हणून ओळखली जाते, ती पाहून मशिदीचा भास होत असला, तरी तिचा इस्लामशी काडीचाही संबंध नाही. १९२४ मध्ये ती ‘मक्का टेंपल’ या नावाने उभारली ती श्रायनर्स या बंधुमंडळाने, म्हणजे सभासदांना गुप्त विधी, दानधर्म आणि स्नेहभोजने यांच्या धाग्याने बांधणाऱ्या संघटनेने. फ्रीमेसन या जुन्या बंधुमंडळातील काही न्यूयॉर्ककरांनी १८७०च्या सुमारास मुख्यतः मौजेसाठी ही शाखा काढली आणि तिच्यासाठी लाल गोंडेदार फेझ टोपीसह सगळा अरबी थाट उचलला. दुकान-कचेरीत दिवसभर गंभीर चेहऱ्याने वावरणाऱ्या गृहस्थांची ही नाटकी हौस आज काहीशी गमतीदारच वाटते.

१९२९च्या शेअरबाजार कोसळण्यानंतर मंडळाचे उत्पन्न आटले, घरपट्टी थकली आणि अखेर वास्तू नगरपालिकेच्या ताब्यात आली. ती पाडण्याऐवजी महापौर फिओरेल्लो ला गार्डिया यांनी तेथे सामान्य नागरिकाच्या खिशाला परवडणाऱ्या दरात संगीत, नाटक व नृत्य दाखवण्याचे ठरवले, आणि ११ डिसेंबर १९४३ रोजी, म्हणजे स्वतःच्याच वाढदिवशी, न्यूयॉर्क फिलहार्मोनिक वाद्यवृंदाच्या कार्यक्रमाने तिचे उद्घाटन केले. जॉर्ज बालँशीन यांच्या नृत्यसंस्थेला १९४८ मध्ये न्यूयॉर्क सिटी बॅले हे नाव मिळाले ते येथेच, आणि १९६४ मध्ये लिंकन सेंटरला जाईपर्यंत तिचा मुक्कामही येथेच राहिला.

सभेसाठी बांधलेले दालन नृत्याला मात्र सहजासहजी मानवले नाही. भाषण ऐकणाऱ्याला वक्त्याचा चेहरा दिसला की पुरते, पण ज्या बॅलेचा सारा जीव पदन्यासात, त्या बॅलेच्या प्रेक्षकाला नर्तकीच्या पावलांऐवजी पुढच्याचे डोके दिसू लागले, तर तिकीट स्वस्त असून काय उपयोग? ही अडचण बरीच वर्षे रेंगाळली. १९८३ मध्ये इमारतीला वारसावास्तूचा दर्जा मिळाल्यामुळे मूळ सजावट जपूनच दुरुस्ती करणे भाग होते, आणि २०११ मध्ये पूर्ण झालेल्या नूतनीकरणात रांगांचा चढ सुधारून खुर्च्यांची संख्या सुमारे पावणेतीन हजारांवरून सव्वादोन हजारांपर्यंत खाली आणली गेली. मागच्या उंच भागातील ज्या खोल्यांत एके काळी बंद दाराआड बंधुमंडळींच्या बैठका भरत, तेथे आता नर्तकांच्या तालमी चालतात.