डूकी चेस उपाहारगृह

डूकी चेस हे अमेरिकेच्या लुईझियाना राज्यातील न्यू ऑर्लिन्स शहराच्या ट्रेमे या वस्तीत असलेले, कृष्णवर्णीय कुटुंबाच्या मालकीचे उपाहारगृह आहे. १९४१ मध्ये सुरू झालेले हे उपाहारगृह क्रिओल पद्धतीच्या जेवणासाठी प्रसिद्ध आहे. वांशिक विभक्तीकरणाच्या काळात नागरी हक्क चळवळीच्या बैठकांचे ठिकाण म्हणूनही त्याला ऐतिहासिक महत्त्व आहे.

पार्श्वभूमी

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांत गोऱ्या व कृष्णवर्णीय नागरिकांना सार्वजनिक ठिकाणी वेगळे ठेवणारे कायदे झाले. न्यू ऑर्लिन्सचे रहिवासी होमर प्लेसी यांनी १८९२ मध्ये गोऱ्यांसाठी राखीव असलेल्या रेल्वेडब्यात बसून अशा एका कायद्याला आव्हान दिले. परंतु १८९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या विरोधात निकाल दिला. त्यामुळे विभक्तीकरणाला घटनात्मक मान्यता मिळाली. शहरातील नामांकित उपाहारगृहांत कृष्णवर्णीय लोक स्वयंपाकी म्हणून राबत; मात्र ग्राहक म्हणून त्यांना तेथे प्रवेश नसे.

स्थापना आणि विस्तार

एमिली चेस व त्यांचे पती एडगर ऊर्फ 'डूकी' चेस (थोरले) यांनी प्रथम सँडविच व लॉटरीची तिकिटे विकणारे छोटे दुकान चालवले. त्याचेच पुढे उपाहारगृह झाले. कृष्णवर्णीयांना बँकांची सेवा सहज मिळत नसल्याने अनेक कामगार पगाराचे धनादेश येथेच वटवीत. १९४६ मध्ये चेस दांपत्याचे पुत्र एडगर (धाकटे) यांचा लीया यांच्याशी विवाह झाला. लीया यांनी गोऱ्यांच्या उपाहारगृहात वाढपी म्हणून काम केले होते. तेथील मांडणी व पदार्थ त्यांनी सासरच्या व्यवसायात आणले. कोळंबीचे कॉकटेल मात्र ग्राहकांना रुचले नाही, कारण ज्या ठिकाणी तो पदार्थ मिळे तेथे त्यांना कधी बसताच आले नव्हते. त्यानंतर लीया यांनी गंबो हा दाट रस्सा व इतर घरगुती क्रिओल पदार्थांवर भर दिला.

नागरी हक्क चळवळीतील स्थान

गोऱ्या व कृष्णवर्णीयांनी एकत्र बसून जेवणे बेकायदेशीर असताना उपाहारगृहाच्या वरच्या मजल्यावरील खोलीत दोन्ही वंशांचे कार्यकर्ते एकाच टेबलावर जेवत आणि आंदोलनांची आखणी करीत. मार्टिन ल्यूथर किंग (धाकटे) तसेच आंतरराज्य बसमधील विभक्तीकरणाविरुद्ध प्रवास करणारे 'फ्रीडम रायडर्स' येथे येत असत. स्थानिक प्रशासनाला या बैठकांची कल्पना होती. तथापि उपाहारगृहाची लोकप्रियता पाहता ते बंद केल्यास जनक्षोभ उसळेल, या भीतीने कारवाई टळली असे मानले जाते. मालकांना असलेला धोका मात्र खरा होता. उपाहारगृहावर एकदा बॉम्बही फेकण्यात आला. १९६४ च्या नागरी हक्क कायद्याने उपाहारगृहांतील वांशिक भेदभावास बंदी घातली.

नंतरचा काळ

लीया चेस यांनी आफ्रिकी-अमेरिकी चित्रकारांच्या कलाकृती जमवून भोजनगृहाच्या भिंतींवर लावल्या. २००५ च्या कतरिना चक्रीवादळानंतरच्या पुरात वास्तूचे मोठे नुकसान झाले, परंतु चित्रे वाचली. दुरुस्तीनंतर २००७ मध्ये उपाहारगृह पुन्हा सुरू झाले. ईस्टरपूर्वीच्या पवित्र गुरुवारी येथे विविध पालेभाज्यांचा 'गंबो झेर्ब' वाढण्याची प्रथा आहे. लीया चेस यांचे २०१९ मध्ये वयाच्या ९६ व्या वर्षी निधन झाले. उपाहारगृह आजही चेस कुटुंबीयच चालवतात.